जाड दाण्याची टाकी

वय झालं माझं, पण काच आहे मी, नजर अजून स्वच्छ आहे. मित्रांनो, मी भाईंदरजवळच्या मुर्धा गावच्या नाथाशेठांच्या दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी. माझ्यात प्रवाळाचे दगड आहेत, रंगीत मासे आहेत आणि तळाला वाळू आहे. आल्यागेल्याचं लक्ष माशांकडे जातं. मी मात्र तुम्हाला वाळूबद्दल सांगणार आहे, कारण या घरात जे वाईट घडलं ते वाळूच्या दाण्यावरून घडलं.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका पत्र्याच्या शेडमधला. कारागिरानं माझ्या काचा कापल्या, कडा घासून बोथट केल्या, सांध्यांत सिलिकॉन भरलं आणि काठोकाठ पाणी ओतून मला तशीच ठेवून दिलं. एक थेंब गळला नाही, तेव्हा त्यानं माझ्या काचेवर कौतुकानं थाप मारली. तसं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही. पुढं जे काही कौतुक झालं ते माशांचं. टाकीला कोण विचारतो?

तिथून मी इंद्रलोक वस्तीजवळच्या, पाळायचे मासे विकणाऱ्या परागच्या दुकानात आले, आणि एके दिवशी नातीचं बोट धरून नाथाशेठ तिथं आले. त्यांच्या घरची पूर्वी मिठागरं होती. आता त्या जागेवर इमारती आहेत आणि शेठ त्यातल्याच एकीत वरच्या मजल्यावर राहतात. पैसा आला, पण अंगणापर्यंत येणारं खारं पाणी गेलं, याची त्यांना फार रुखरुख होती. नात चांदणीनं मासा मागितला तेव्हा ते म्हणाले होते, "गोड्या पान्यातला मासा आपल्याला नको. आपून खाऱ्या पान्याची मानसं."

चांदणीनं बोटभर लांबीची एक पिवळीधमक मासोळी पसंत केली आणि तिथल्या तिथं तिचं नाव हळदी ठेवलं. परागनं वाळूच्या तीन पिशव्या पुढं मांडल्या. एकीत रव्याएवढा दाणा, दुसरीत साखरेएवढा, तिसरीत साबुदाण्याएवढा.

"काका, ही मच्छी वाळूत झोपते," तो म्हणाला. "घाबरली तरी डोकं खुपसून आतच घुसते. तिला ही बारीकच लागणार. पंपाचं तोंड जरा वर वळवायचं, म्हणजे वाळू उडणार नाही. जाड वाळूत ती घुसणार कशी? आणि खाणं दाण्यांच्या मध्ये अडकून सडतं, ते वेगळंच."

आता मिठागरावरची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. मीठ पारखताना चिमूटभर तळहातावर घ्यायचं आणि फुंकर मारायची. उडालं ते कच्चं, उरलं ते खरं मीठ. नाथाशेठांच्या आज्यापासून ही परीक्षा चालत आलेली. शेठनी तीच इथं लावली. रव्यासारखी वाळू फुंकरीसरशी काउंटरभर पसरली. साबुदाण्यासारखी जागची हलली नाही.

"बगितलंस?" शेठ म्हणाले. "फुंकरीला टिकत न्हाय, त्यो दाना कसला? मना नको शिकवू. तीन पिढ्या आमच्या दान्यातच गेल्या हायेत."

परागनं गिऱ्हाइकाचा चेहरा पाहिला आणि बारीक वाळूची पिशवी काउंटरखाली सरकवली. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाशी वाद घालून दुकान चालत नाही. अशा रीतीनं माझ्या पोटात जाड दाणा आला.

दिसायला तो फार देखणा होता, यात शंका नाही. पांढराशुभ्र, टपोरा. शेठ माझ्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि मासे सोडून तळाकडेच बघत. हळदीची मात्र पहिल्याच संध्याकाळपासून दैना सुरू झाली. दिवा मालवला की ती डोकं खाली करून वाळूवर सूर मारायची आणि आपटून मागं यायची. पुन्हा मारायची, पुन्हा आपटायची. शेवटी दगडाच्या कपारीला टेकून ती जागीच राहायची. तिचं तोंड खरचटलं, हनुवटीवरचा पिवळा रंग गेला आणि खालचं पांढरं मांस दिसू लागलं. तिची प्रत्येक धडक माझ्या तळाला लागत होती, आणि मला ओरडता येत नव्हतं.

"आजोबा, तिला आत जाताच येत नाहीये," चांदणी म्हणाली. "आपण ती दुसरी वाळू आणू ना."

"व्हईल सवय," शेठ म्हणाले. "आमचे पाय मिठानं खाल्ले, कातडी सोलून निघाली. आमच्यासाठी कुनी गादी टाकली न्हाय. मेलो का आम्ही?"

चांदणी रडली, तर ते हसले. वाईट वाटतं सांगायला, पण ते मनापासून हसले. ज्याला लहानपणी कुणी फुंकर घातली नाही, तो माणूस एक तर मऊ होतो, नाहीतर असा होतो.

चांदणीची आई संजना रत्नागिरीकडची. सासऱ्यांसमोर ती मोजकंच बोलायची. पण ती मुलीला घेऊन गुपचूप परागकडे गेली आणि बारीक वाळूची पिशवी घेऊन आली. श्रीखंडाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा तिनं स्वच्छ धुतला, त्यात ती वाळू भरली, आणि चांदणीनं तो अलगद माझ्या कोपऱ्यात ठेवला. हळदीनं डब्याभोवती एक फेरी मारली, डोकं खुपसलं आणि क्षणात दिसेनाशी झाली. शेपटीचं टोकसुद्धा वर राहिलं नाही. त्या दिवशी चांदणी माझ्या काचेला नाक लावून किती वेळ बसली होती! पुढं हळदीची हनुवटी भरून आली, रंग परतला, आणि मला वाटलं, सुटलो बाबा आपण सगळेच.

पण शेठच्या डोळ्यांत तो डबा सलत होता. टपोऱ्या पांढऱ्या दाण्यांत बारीक वाळूचा डबा, तोही श्रीखंडाचा! आणि त्यातच गुणवंतभाऊंनी टाकी बघायला येतो असा निरोप धाडला. गुणवंतभाऊ म्हणजे शेठच्या शेजारच्या मिठागराचे पूर्वीचे मालक. कुणाचं मीठ सरस, यावरून दोघांचा जन्मभर वाद चाललेला.

पाहुणे यायच्या वेळी चांदणी शाळेत होती आणि संजना स्वयंपाकघरात. शेठनी बाही वर केली आणि हात माझ्या पाण्यात घातला. एवढा मोठा हात अंगावर आलेला पाहून हळदी घाबरली आणि जिथं जायला नको होतं तिथंच गेली. तिला ठाऊक असलेली सुरक्षित जागा ती एकच. डबा उचलला गेला. माझ्या पाण्याच्या वर गेला.

शेठनी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून डबा पालथा केला. ओली वाळू पसरली आणि तिच्यात पिवळं काहीतरी तडफडलं. मला सगळं समोर दिसत होतं. शेठनाही दिसलं. त्यांचा हात पुढं झाला. दोन पावलांवर मी होते, पाण्यानं भरलेली. एवढ्यात लिफ्टचं दार वाजलं आणि बाहेरून गुणवंतभाऊंचा आवाज आला.

मासोळी नुसती परत सोडली तर ती पाहुण्यांसमोरच जाड वाळूवर आपटत राहणार, म्हणजे डबाही परत ठेवायचा. डबा परत ठेवायचा म्हणजे दाणा चुकला हे गुणवंतभाऊंसमोर कबूल करायचं. शेठनी कागदाची घडी घातली. घडी आतून हलत होती. ती हलायची थांबेपर्यंत त्यांनी वर हात दाबून धरला, मग ती कचऱ्याच्या बादलीत टाकली, हात पुसले आणि दार उघडलं.

"दाना कडक हाय हो नाथाशेठ," गुणवंतभाऊ काचेला टेकून म्हणाले. "मिठागरावरचाच जसा."

शेठचा ऊर भरून आला. जन्मभर ज्या शब्दांची वाट पाहिली ते त्यांना मिळाले होते.

तेवढ्यात चांदणी शाळेतून आली. दप्तरही न उतरवता ती माझ्याकडे धावली. "आजोबा, डबा कुठंय? हळदी कुठंय?"

"डबा मी काढला," शेठ शांतपणे म्हणाले. "तिला आता सवय झाली. बग, जाड दान्यात घुसून झोपलीय. मी सांगत व्हतो ना?"

पोरीचा चेहरा उजळला. तिनं आजोबांच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "सॉरी आजोबा, मी उगाच रडले." शेठनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी कचरा बांधताना संजनाला ती घडी जड लागली. तिनं ती उघडली, बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटली. बोलली असती तर घर फुटलं असतं, असं तिला वाटलं असेल. मला विचाराल तर ते फुटायला हवं होतं.

मित्रांनो, मासा पाळायची हौस असेल तर जरूर पाळा. फक्त तो झोपतो कसा, घाबरला की लपतो कुठं, हे आधी विचारा, आणि त्यावरून वाळूचा दाणा निवडा. आपल्या डोळ्यांना काय शोभतं ते सर्वांत शेवटी बघा. आणि चूक झालीच तर ती घडीत दाबू नका. पाणी दोन पावलांवरच असतं.

चांदणी अजून रोज माझ्यासमोर बसते. खाण्याचे चार दाणे हळदीच्या वाट्याचे म्हणून वेगळे टाकते, ते खाली जाऊन सडतात. घरात कुणी मोठ्यानं बोललं की ती ओठांवर बोट ठेवते आणि म्हणते, "हळू बोला ना, ती झोपलीय." मग सगळे आवाज खाली आणतात. नाथाशेठसुद्धा आणतात.