जाळीवर राहिलेल्या काड्या

मित्रांनो, अंगाला हजार भोकं असूनही जिला कोणी फुटकी म्हणत नाही, अशी मी एक जुनी चाळणी आहे. खांडबाऱ्यात कौलं थापणाऱ्या एका घराच्या ओसरीत, खुंटीवर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म नवापूरला झाला. अकील पत्रेवाल्याने तेलाचा रिकामा डबा कापून माझी कड वळवली आणि पिठाच्या गिरणीतून उरलेली बारीक जाळी तिला ठोकली. कडेवर भुईमुगाच्या शेंगेचे चित्र होते. आज त्यातली अर्धीच शेंग दिसते. बाकीची गंजाने खाल्ली.

इद्रिसभाईंनी मला विकत घेतले तेव्हा ते तरुण होते. त्यांच्या भट्टीवर मी राख चाळायचे. ती मऊ राख ते साच्यावर भुरभुरवत, म्हणजे ओली माती साच्याला चिकटत नसे. मातीशी माझा तेव्हा संबंध नव्हता. ती ते पायांनी तुडवत. चांगले कौल सुटून आले की ते मला थोपटत आणि म्हणत, "हिनी राख रेशीम शे."

मग गावोगावी घरांवर पत्रे चढले. भट्टी वर्षातून एकदाच पेटू लागली, तीही कोणाच्या गोठ्याचे छप्पर शाकारायचे असेल तर. मला कोंबडीच्या पिलांवर पालथे घालून वर दगड ठेवला. तशी मी अकरा वर्षे होते. एका कोंबडीने चोचीने माझी जाळी एका जागी फाडली. मला राग नाही. तिची पिले आत होती.

माझा दुसरा जन्म सबीहाबाईंच्या हातून झाला. त्या इद्रिसभाईंच्या पत्नी. एका उन्हाळ्यात त्यांच्या पोटात सारखी जळजळ होऊ लागली. नवापूरला निसर्गोपचाराचे शिबिर होते, तिथे त्या दहा दिवस गेल्या आणि मातीची पट्टी करायला शिकून आल्या. आल्या त्या थेट पिलांकडे. मला उचलले, साबणाच्या गरम पाण्याने घासले, उन्हात वाळवले आणि फाटकी जागा तारेने शिवली.

इद्रिसभाई हसले. "मी जनमभर माती पायखाले तुडवी, आते तू ती पोटवर ठेवस?"

"तुमना पायखाले ऱ्हाईसन ती थकी गयी," सबीहाबाई म्हणाल्या. "आते तिले जरा मान भेटू द्या."

सबीहाबाई माती नाल्याच्या काठावरून आणत, तीही कोपरभर खोल खणून. खताची नाही, फवारणीच्या शेतातली नाही. दोन दिवस ऊन दाखवून ती कुटायची, माझ्यातून गाळायची आणि रात्रभर माठात भिजवायची. सकाळी जुन्या धुतलेल्या लुगड्याच्या पट्टीत तो गार लगदा भरून दुखऱ्या जागी ठेवायचा आणि सुकून तडे जाण्याआधी उचलायचा. शेजारच्या बायका येऊ लागल्या. कोणाचे डोके तापलेले, कोणाची पाठ धरलेली. सबीहाबाई प्रत्येकीला सांगत, माती गारवा देते, मोडलेले हाड जोडत नाही. आणि कुठे जखम नाही ना, हे प्रत्येकीला विचारत, "कातडी कोठे फुटेल तं नही ना?"

यंदा चैत्रात सुसानाबाई आल्या. त्या डोंगराकडच्या गावातल्या, भाताची शेती करणाऱ्या. बाजाराच्या दिवशी त्या नेहमी आमच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकत. त्या दिवशी मात्र त्यांना पायरीसुद्धा चढवेना. उजवा गुडघा पपईसारखा सुजला होता.

"भाभी, वीस दिनवर लिडियानं लगीन शे," त्या म्हणाल्या. लिडिया त्यांची एकुलती एक मुलगी. "आमनामा नवरीनी माय नाचस. मी खुर्चीवर बसनू, तं पोर मंडपमाच रडी."

"कातडी फुटेल तं नही ना?"

"नही व, नुसती सूज शे."

त्या दिवशी माठ रिकामा होता आणि नाल्याची माती आणून वाळवायला दोन दिवस गेले असते. सबीहाबाईंनी नवऱ्याला हाक मारली. "इरफानना अब्बा, तुमना ढिगमाईन जराशी माती आना. सुसानाबहीणसाठे शे."

इद्रिसभाईंना सुसानाबाईंचे फार अगत्य. त्यांनी साध्या मातीच्या ढिगाकडे पाहिलेसुद्धा नाही. आतून, झाकून ठेवलेल्या ढिगातली पाटीभर ढेकळे घेऊन आले. "ही सर्वात चांगली. हिना कौलसले कधी तडा गया नही. चाळू बी नको, तशीच भिजाड."

सुसानाबाई कळवळत होत्या. ढेकळे कुटताच पिठासारखी झाली होती. सबीहाबाईंचा हात माठाकडे गेला. मित्रांनो, त्या क्षणी मी खुंटीवर नुसती लटकत होते. मला ओरडता येत नाही. पण सबीहाबाईंचा हात परत फिरला. सवयीचा हात होता तो. न चाळता त्यांनी कधी कोणाच्या अंगाला माती लावली नव्हती. त्यांनी मला उतरवले.

माती खाली गेली. माझ्या जाळीवर काड्या राहिल्या. बारीक, पिवळट, तुटक काड्या. सबीहाबाईंनी एक उचलून नाकाशी धरली.

"हाई काय शे?"

"लीद," इद्रिसभाई अभिमानाने म्हणाले. "सारंगखेडाना घोडेबाजारमाईन टेम्पोवर लई येस मी. साधी शे का ती? तिन्हामुळेच तं कौल तडकत नही."

कौल थापणाऱ्याला लीद ही घाण वाटतच नाही. त्याच्या लेखी तीच मातीची ताकद. त्यांनी तर आपल्याकडचे सगळ्यात उत्तम आणून दिले होते.

सबीहाबाई सुसानाबाईंकडे वळल्या. "लुगडं वर कर बरं."

गुडघ्याखाली बोटभर लांब चीर होती, कालपरवाची, कडा लाल झालेली.

"बांबूनी सल लागनी व्हती," सुसानाबाई खाली बघत म्हणाल्या. "मी सांगती, ते तू माती लावती का?"

"नही लावती. आन लावती, तं तुन्ही पोर नवरी नही, पोरकी व्हती."

उघड्या जखमेत लिदीची माती गेली तर धनुर्वात होऊ शकतो, हे सबीहाबाईंना शिबिरात सांगितलेले होते. इद्रिसभाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी लगेच मोटारसायकल काढली आणि सुसानाबाईंना सरकारी दवाखान्यात नेले. तिथे जखम धुतली, इंजेक्शन दिले, मुरगळलेल्या गुडघ्यासाठी गोळ्या दिल्या आणि आराम सांगितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम पूर्ण भरल्यावर गारव्यापुरती माती लावली तर हरकत नाही.

जखम भरायला अकरा दिवस लागले. मग नाल्याची माती आली, आणि ती चाळताना मी जपून एकेक कण सोडला. रोज अर्धा तास गार पट्टी, डॉक्टरांच्या गोळ्या आणि सबीहाबाईंच्या शिव्या, या तिघांनी मिळून सूज उतरवली. कोणी किती उतरवली ते मला सांगता येणार नाही.

लग्नानंतरच्या बाजाराला सुसानाबाई आल्या, त्या पायरी चढून आल्या. ओसरीवर त्यांनी पदर खोचला आणि एक गिरकी घेऊन दाखवली.

"दोन फेर नाचनू, भाभी. तिसराले खुर्ची मांगी लिधी."

मग इद्रिसभाईंना म्हणाल्या, "भाऊ, तुमनी माती मन्हा गोठावरच बरी. बारा वरीस व्हयनात, थेंब गळत नही."

इद्रिसभाई खूप दिवसांनी मोकळे हसले. त्यांनी आता लिदीच्या ढिगाभोवती फुटक्या कौलांचे कुंपण घातले आहे. आणि माझी सैल झालेली कड त्यांनी स्वतः ठोकून दिली, अर्धी शेंग जपून.

मित्रांनो, मी ऋणी आहे. मातीची, कारण ती छपरावर बसते आणि कपाळही निववते. त्या कोंबडीची, कारण तिने मला शिवायला लावले. आणि सबीहाबाईंच्या त्या हाताची, जो घाईतही माझ्याकडे वळला. तुम्हाला कोणी प्रेमाने औषध म्हणून काही दिले, तर प्रेम ठेवून घ्या आणि औषध आधी चाळून पाहा. लागले असेल तर लपवू नका. आणि घरातल्या चाळणीला काम झाल्यावर झटकून कोरड्या जागी टांगा.

त्या दिवशीची एक काडी अजून माझ्या कडेच्या खाचेत अडकलेली आहे. सबीहाबाई मला रोज धुतात, पण ती काढत नाहीत. माती चाळायला बसल्या की आधी तिच्यावरून बोट फिरवतात.