थुंकायचं राहून गेलं

टण्णकन आवाज झाला. वाडग्यातला चमचा खाली पडला होता. त्या आवाजासरशी सिफाचा अडकलेला श्वास सुटला आणि ती पुन्हा घोरू लागली. माझी सहा वर्षांची पोर दुपारी तोंड उघडं टाकून झोपते. मधेच तिचा श्वास थांबतो, आणि तिच्याबरोबर माझाही.

तिचा दुधाचा दात अजून हललेलाही नाही, आणि त्याच्यामागून नवा वर आलाय. मंगोला गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "जबडा लहान राहिलाय. हिला चावायला काय देता?"

मक्याची पेज. गोड चहा. चहात बुडवलेली बिस्किटं. चावावं लागेल असं काहीच नाही.

आम्ही कांद्याच्या शेतावर मजुरीला राहतो. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन रानात आईकडे गेले. गोरखचिंचांच्या त्या रानात आमच्या हाद्झा जमातीचे लोक अजून शिकार करतात, कंद खणतात. आईने नुकतेच विस्तवावर टाकले होते.

"आले का कांद्याच्या शेतावरचे साहेबलोक," ती म्हणाली. "पोरीचं तोंड मिटत नाही का गं? माश्या पाळल्यात?"

"चेष्टा नको, आई. झोपेत श्वास थांबतो तिचा."

आई हसायची थांबली.

मी भाजलेल्या कंदाचा सगळ्यात मोठा तुकडा सिफाच्या हातात दिला. चावलं तर जबडा वाढेल, एवढंच माझ्या डोक्यात. बिचारी चावत राहिली. गाल दुखले, डोळे भरले, तरी मी म्हणतच होते, "अजून थोडं, राणी."

मग चावण्याचा आवाज बंद झाला. तिचे हात गळ्याशी गेले, ओठ काळवंडले. आईनेच तिला ओढून मांडीवर पालथं घातलं आणि पाठीत धपके घातले. कंदातल्या दोऱ्यांचा ओला गोळा बाहेर पडला.

"चोथा गिळला हिने. थुंकायला सांगितलं नाहीस?"

नव्हतं सांगितलं. चुलीभोवती चोथ्यांचा सडा पडला होता. इथली रांगती पोरंसुद्धा रस चोखून चोथा टाकतात. माझ्या लेकीने टाकून द्यावं असं काही कधी खाल्लंच नव्हतं.

"जबडा वाढायला उशीर झालाय का गं, आई?"

आई सिफाच्या चिमुकल्या हनुवटीवरून बोट फिरवत राहिली. सिफाने माझ्या तोंडात डोकावून पाहिलं.

"तुझे सगळे दात मावले," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझे राहिलेले कुठे बसतील, आई?"