डाव्या गुडघ्यावरचा पट्टा

मी एक जुना गुडघ्याचा पट्टा आहे. मित्रांनो, खेळताना कोणाचा गुडघा दुखावला की डॉक्टर जाड काळ्या कापडाचा, दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असलेला एक पट्टा बांधायला देतात. मी त्याच जातीचा. देखणा मी कधीच नव्हतो आणि आता तर माझ्या कडाही उसवल्या आहेत. माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर आहे. दिवसभर दुसऱ्याचा गुडघा धरून बसायचं म्हटल्यावर काळजीशिवाय दुसरं काय सुचणार?

माझा जन्म अमेरिकेत, टेनेसीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. शिवणाऱ्या बाईंनी माझी चिकटपट्टी तीनदा उघडून लावून पाहिली, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. खोक्यावर 'उजवा' असं छापलेलं होतं, कारण माझ्या धातूच्या पट्ट्यांचा बाक उजव्या पायाच्या मापाचा आहे. पुढे सगळा घोळ याच गोष्टीने झाला.

खोक्यातून निघालो तो ओहायोतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या व्यायामशाळेत. समोर लेव्हॉन प्रुइट नावाचा अठरा वर्षांचा मुलगा पाय लांब करून बसला होता. साडेसहा फूट उंची, आणि चेहरा मात्र रडवेला. उजव्या गुडघ्यातली कूर्चा फाटली होती, ऑपरेशनचे टाके नुकतेच निघाले होते. कोव्हाच नावाच्या म्हाताऱ्या ट्रेनरने मला त्याच्या पायावर चढवलं आणि सांगितलं, याला बायकोसारखा सांभाळ. लेव्हॉन पहिल्यांदा हसला. मला तो विनोद फारसा आवडला नाही, पण गुडघा आवडला. घाबरलेला होता, तरी हट्टी होता.

दीड वर्ष मी त्याच्याबरोबर होतो. पहिलं पाऊल, पहिला जिना, पहिली उडी. प्रत्येक उडीला माझा जीव खालीवर व्हायचा. तो तीन गुणांच्या रेषेबाहेरून बॉल टाकायचा, लोक बॉलकडे बघायचे आणि मी एकटा तो खाली कसा उतरतोय याकडे बघायचो. एका मोठ्या विजयानंतर कोव्हाचने सगळ्यांसमोर माझ्यावर थाप मारली आणि म्हटलं की हा नसता तर तू आज बाकावरून टाळ्या वाजवत असतास. आयुष्यात माझं असं कौतुक तेवढंच झालं. मी ते अजून विसरलेलो नाही.

धुवायला मला जवळच्याच टोलीडोला, त्याच्या घरी नेत असत. त्याची आई ओडेसा शाळेची बस चालवायची. पुढे तिच्या किडन्या निकामी झाल्या आणि नोकरी सुटली. मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी तिला चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून बसावं लागे. तिच्या डाव्या हाताची शीर त्या सुयांसाठी राखून ठेवलेली, त्या हातावर जोर द्यायचा नाही. म्हणून ती मला सिंकमध्ये एकाच हाताने चोळायची, आणि खुर्चीच्या पाठीवर सावलीत वाळत घालायची. उन्हात टाकलं तर मी कडक होतो, हे तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं. शाळेपासून कॉलेजपर्यंत लेव्हॉनचा गावातला एकही सामना तिने चुकवला नव्हता.

मग गुडघा बरा झाला. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिले आणि पट्ट्याची गरज नाही असं सांगितलं. मी खणात गेलो. जुने मोजे, संपलेल्या बॅटऱ्या आणि मी. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आपलं काम झालं म्हणूनच आपण इथे आलो, अशी मी मनाची समजूत घातली. सहा महिने कोणी खण उघडला नाही.

लेव्हॉन वीस वर्षांचा झाला आणि ड्राफ्टचा उन्हाळा आला. व्यावसायिक संघ तेव्हा ओळीने एकेका खेळाडूचं नाव घेतात. ज्या संघाने नाव घेतलं, त्याच गावाला जायचं. तुला कुठे जायचंय, असं मुलाला कोणी विचारत नाही. पण विचारत नाहीत म्हणून मुलं आणि त्यांचे एजंट हातावर हात ठेवून बसतात असंही नाही. नको असलेल्या संघाने सरावाला बोलावलं तर पोट दुखतं. फोन उचलले जात नाहीत. सगळ्यात जालीम उपाय म्हणजे दवाखान्याचे कागद. ते कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही, हे खेळाडूच्या सहीवर असतं. कागद न बघता ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर कोण भरवसा ठेवणार?

लेव्हॉनच्या एजंटचं नाव क्रॅट्झ. हसतमुख माणूस, पण एका जागी बसायचा नाही, सगळं स्वयंपाकघरात फेऱ्या मारत बोलायचा. ओडेसा मशीनवर गेली की तो घरी येई. त्याचं म्हणणं सरळ होतं. टोलीडोच्या संघाचा नंबर नववा आणि त्यांना लेव्हॉन हवा आहे. सातव्या आणि आठव्या संघाला याच्यापेक्षा उंच गडी हवेत, त्यांची भीती नाही. सहावा नंबर बॉइसीचा, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि लेव्हॉन त्यांच्या डोळ्यांत भरलेला. तेव्हा कागद फक्त टोलीडोला द्यायचे आणि बॉइसीला घाबरवायचं.

लेव्हॉनला टोलीडो कशाला हवं होतं, ते मला खणातही ऐकू येत होतं. मशीनमुळे वर्षं मिळतात, पण किती ते डॉक्टर सांगत नव्हते. तेवढ्या वर्षांत आईने आपल्याला टीव्हीवर नाही, समोर बसून खेळताना बघावं, एवढंच त्याला हवं होतं. दर वेळी तो क्रॅट्झला हेच सांगायचा.

बॉइसी काही घाबरेना. कागद नसले तरी आम्ही घेऊ, असा त्यांनी निरोप पाठवला. त्या दिवशी क्रॅट्झ फेऱ्या मारता मारता माझ्या खणापाशी थांबला.

“तो जुना पट्टा आहे का रे अजून?”

“असेल. पण गुडघा ठणठणीत आहे माझा.”

“ते तुला माहीत, मला माहीत. बॉइसीला कशाला कळायला हवं? पट्टा बांध, दुकानात जा, दूध घे आणि ये. तोंडाने एक अक्षर खोटं बोलायचं नाही.”

खण उघडला तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, पुन्हा आपली गरज पडली. तोंडाने खोटं बोलायचं नाही याचा अर्थ ते मी बोलायचं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दुकानाबाहेर गाडी उभी करून लेव्हॉनने मला बांधायला घेतलं. घाईघाईत, इकडेतिकडे बघत. अमेरिकेत गाडी चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे उजवा पाय स्टीअरिंगखाली अडकलेला, डावा दाराबाहेर मोकळा. त्याने मला डाव्या गुडघ्यावर बांधलं. माझा बाक उलटा बसला, पट्ट्या त्याच्या मांडीत रुतल्या, तरी त्याला कळलं नाही. बऱ्या पायाला पट्टा कुठे टोचतो ते त्याला आठवणार कसं? तो थोडा लंगडत आत गेला, दूध घेऊन थोडा लंगडत बाहेर आला. एका माणसाने फोनवर त्याचा फोटो काढला. दुपारपर्यंत तो फोटो जिकडेतिकडे झाला.

बॉइसीचे फोन बंद झाले. क्रॅट्झ खूश. दुसऱ्याच दिवशी मात्र टोलीडोच्या संघाचा फोन आला. तुम्ही दिलेल्या कागदांत गुडघा स्वच्छ आहे, मग हा पट्टा कसला? काही लपवताय का? पुन्हा तपासायला या, नाहीतर आम्हालाही दुसरं कोणी बघावं लागेल. त्यांना खरं सांगावं तर ते बाहेर फुटणार, आणि तपासायला गेलं तर फोटोचं काय सांगणार? वर्तमानपत्रात आलं की प्रुइटचा गुडघा संपला, पहिल्या फेरीत त्याचं नाव निघतंय की नाही कोण जाणे. क्रॅट्झ म्हणत राहिला, शांत राहा. लेव्हॉन जेवेनासा झाला. आईने तळलेले पर्च मासे ताटात तसेच राहू लागले. मी त्याच्या पलंगाखाली पडून होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

शनिवारी डायलिसिसला ओडेसाच्या शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या डुपरींनी तिला तो फोटो दाखवला आणि फार हळहळले. ती घरी आली, बूट काढले, खुर्चीत बसली आणि लेव्हॉनला म्हणाली, तो पट्टा आण. त्याने मला तिच्या मांडीवर ठेवलं.

“कुठला गुडघा कापला होता रे तुझा?”

“उजवा.”

“फोटोत पट्टा डाव्यावर आहे. घाईत होतास का?”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग लेव्हॉन तिच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. बॉइसी, टोलीडो, कागद, दूध. ती ऐकताना बोटाने माझी उसवलेली कड चाचपत होती.

“म्हणजे मी आजारी, म्हणून तू लंगडायचं,” ती म्हणाली.

“तुला समोर बसलेली बघायची होती मला, आई.”

“समोर बसून मी बघायचं कोणाला, सोंग घेणाऱ्याला? आणि उद्या खरंच दुखलं तुला, तर कोण खरं मानेल? मीसुद्धा दोनदा बघेन.”

तिचं ते शेवटचं वाक्य त्याला लागलं. मला तर फारच लागलं.

रविवारी लेव्हॉनने सगळ्या संघांना कागद द्यायच्या परवानगीवर सही केली आणि फोटोचं सोंग होतं असं स्वतः लिहून पाठवलं. क्रॅट्झ फोनवर बराच वेळ ओरडत होता. आता गेलास बॉइसीला, असं त्याने निक्षून सांगितलं. लेव्हॉन 'बरं' एवढंच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. ओडेसाने मला उचलून स्वतःच्या पिशवीत टाकलं. हा आता माझ्याकडे राहू दे, म्हणाली.

ड्राफ्ट गुरुवारी होता. मोठ्या शहरातल्या मोठ्या सभागृहात नवा सूट घालून बसायचं आमंत्रण लेव्हॉनलाही होतं. तो गेला नाही. गुरुवार आईच्या मशीनचा. तिच्या खुर्चीशेजारच्या लहानशा स्टुलावर तो गुडघे मुडपून बसला, आणि मी पिशवीत, त्याच्या पायाशी. वर भिंतीवर टीव्ही चालू होता. नर्स मेरिबेलने आवाज वाढवला. एक नाव झालं, दुसरं झालं.

“लेव्हॉन, वाक जरा खाली,” डुपरी म्हणाले. “तुझं काय होतंय ते तुझ्या डोक्यामागून दिसत नाही मला.”

सगळे हसले, तोही हसला, आणि लगेच त्याचं हसू मावळलं. बॉइसीने रागाने दुसऱ्याचं नाव घेतलं तर पुढे टोलीडोपर्यंत दोनच पायऱ्या. मित्रांनो, मीही मनातून तेच मागत होतो. खरं सांगून झालं होतं, आता त्यासाठी काही गमवावं लागू नये असं वाटत होतं. पाचवं नाव झालं. मग लांब जाहिरात लागली. मशीन एका लयीत गुरगुरत होतं.

सहावं नाव त्याचं होतं. बॉइसी.

त्या खोलीतल्या प्रत्येक रुग्णाचा एक हात सुईला बांधलेला. टाळी वाजवणार कशी? सगळ्यांनी मोकळ्या हाताने खुर्च्यांचे हात बडवले. डुपरींनी तर पायही आपटले. लेव्हॉनने मात्र आईच्या खुर्चीवर डोकं टेकलं आणि तो रडायला लागला. माफ कर, असं काहीतरी म्हणत होता. ओडेसाने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि टीव्हीकडे बघत विचारलं,

“हे मशीन बॉइसीत नसतं का?”

त्याने डोकं वर केलं. “असतं. पण मावशी इथे, तुझं चर्च इथे, घर इथे. तू कशी येणार?”

“मला विचारलंस?”

“तू आली असतीस?”

“ते मी म्हणत नाहीये. विचारलं नाहीस, एवढंच म्हणतेय. तू आणि तो क्रॅट्झ, माझ्या स्वयंपाकघरात बसून देशभरातले संघ हलवत होतात, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत.”

लेव्हॉनने मनगटाने नाक पुसलं आणि लहान मुलासारखं हळूच विचारलं,

“येशील का माझ्याबरोबर?”

ओडेसाने मशीनवरच्या आकड्यांकडे नजर टाकली.

“अजून चाळीस मिनिटं सुटका नाही माझी. विचार करते,” ती म्हणाली.

मित्रांनो, मला चालता येत नाही, बोलता येत नाही. तुम्ही जिथे बांधाल तिथे मी बसतो आणि जे दाखवाल ते लोक खरं मानतात. म्हणून तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. दुखत असेल तेव्हा मला योग्य पायावर नीट बांधा, हाताने धुवा, सावलीत वाळवा. दुखत नसेल तेव्हा मला खणातच राहू द्या, मी रागावणार नाही. आणि ज्याच्या मायेपोटी तुम्ही लंगडायला निघाला असाल, त्याला आधी जाऊन विचारा.