पाटलिणीची गोळी

सासू अनसाबाई दसऱ्याला वरवंडला गेली, तर आपल्या पदरात काय काय पडेल याची जुळणी सवितानं चुलीपुढं बसून कितीदा तरी केली होती. दुपारची एक अखंड झोप. म्हातारीच्या हिरड्यांना सोसणाऱ्या मऊ भाकरीऐवजी करकरीत पापुद्र्याची भाकरी. आईकडं जाऊन पाय पसरून बसणं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आपण घरात काय करतोय हे खाटेवरून बघत बसणारे दोन डोळे नसणं. मागणं फार नव्हतं. पण मध्ये मांजर आडवं गेलं होतं.

दोघा भावांत आईची पाळी ठरलेली होती. पाडवा ते दसरा थोरल्या संपतकडं, म्हणजे सविताच्या घरी कवठे येमाईला, दसरा ते पाडवा धाकट्याकडं वरवंडला. अनसाबाई जाताना मांजर बरोबर न्यायची. त्याचं नाव पाटलीण. जन्मभर मेंढरांमागं पायपीट केलेल्या अनसाबाईला वाटलं होतं, घरात कुणीतरी बसून खाणारं असावं. मांजरीनं त्या नावाला कधी बट्टा लावला नाही.

पण म्हातारपणी पाटलिणीचं बिनसलं. खाणं राक्षसाचं आणि अंगावर नुसती कातडी. खायची, ओकायची, पुन्हा ताटलीपाशी. कोंबडा आरवायच्या आधी दारापाशी उभी राहून असा गळा काढायची की मयताच्या घरी शोभावा. दार उघडावं तर उसात बिबट्या, न उघडावं तर डोक्यात घण. गेल्या दसऱ्याला धाकटी जाऊ हर्षदा फोनवर स्पष्टच बोलली होती, "ताई, आत्यांना पाठवा. मांजर नको. आमच्या कंपनीच्या शिफ्टा असत्यात, झोप झाली न्हाई तर मशीनमधी हात जाईल."

अनसाबाई म्हणाली, "ती न्हाई तर मी न्हाई."

झालं. वरवंडची पाळी कवठ्यातच निघाली, आणि ती निघाली ती सविताच्या अंगावरून. तिला स्वतःला थायरॉइड. सकाळी उठायची तीच दमलेली. गाईच्या धारा काढताना गाईच्या पोटाला डोकं टेकून डुलकी घ्यायची.

यंदा श्रावण लागला तसं तिनं मनाशी ठरवलं, दसऱ्याच्या आत हे मांजर बरं करायचं. औषध मांजराला, गुण आपल्याला. पिशवीत कोंबून तिला शिरूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मान चाचपली, रक्त काढलं आणि कळवते म्हणाल्या. फोन आला तेव्हा संपत कांद्याच्या लिलावात उभा. एका कानात भाव, दुसऱ्या कानात मांजर. घरी येऊन त्यानं निम्माच निरोप दिला, "थायरॉइड हाय म्हणली. गोळ्या न्यायला या म्हणली."

"मांजराला?" सविता म्हणाली. "माझ्यासारखा?"

"तुझ्यासारखाच असंल. बिनकामाचं वरडायचं लक्षण तर तेच हाय."

सवितानं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. तिची नजर फळीवरच्या आपल्या गोळ्यांच्या बाटलीवर गेली होती. घरात औषध असताना शिरूरला हेलपाटा कशाला? माणूस एवढं, मांजर एवढंसं, म्हणजे पाव गोळी. विळीवर तिनं गोळीचे चार तुकडे केले आणि रोज एक खव्यात घालून चारला.

पाटलीण बरी व्हायच्या ऐवजी पिसाळल्यासारखी झाली. भिंतीवर चढायची, पाण्याचं भांडं रिकामं करायची. अनसाबाईनं तिच्या छातीवर हात ठेवला आणि म्हातारीचा चेहरा पडला. "सविते, हिचं काळीज बघ. सुगीतल्या मळणीयंत्रावाणी चाललंय."

पुन्हा शिरूर. या खेपेला म्हातारीही बरोबर. डॉक्टरीणबाईंनी कानाला नळी लावली आणि विचारलं, "मी काढून ठेवलेल्या गोळ्या तर तुम्ही नेल्याच नाहीत. मग हिला दिलंत काय?"

सविता टेबलाकडं बघत म्हणाली, "माझीच गोळी. थायरॉइडचीच हाय की."

बाई कपाळाला हात लावून बसल्या. "अहो ताई, तुमचा थायरॉइडचा बैल जागेवर बसतो, त्याला उठवायची ती गोळी. हिचा आधीच उधळलाय. उधळलेल्याला तुम्ही आणखी टोचणी मारलीत."

मग त्यांनी वेगळ्या गोळ्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळेला, चुकवायची नाही, चुरा करायचा नाही, दिल्यावर हात धुवायचे. थोड्या आठवड्यांनी रक्त पुन्हा बघायचं. आणि हे जन्मभर. "ही बरी होणार नाही," त्या म्हणाल्या, "ताब्यात राहील."

परतताना जीपमध्ये पाटलिणीची पिशवी अनसाबाईनं मांडीवर घेतली होती. पिशवीवर तिचा हात. मग बाहेर बघतच तिनं विचारलं, "चुकून झालं का गं?"

"आत्या, शपथ घेते. चुकूनच."

"व्हय, चुकूनच. मुद्दाम असतं तर पाव कशाला दिली असतीस? तुझा हात मोठा हाय." म्हातारी हसली. पण पिशवीवरचा हात तिनं घराचा उंबरा येईपर्यंत काढला नाही.

गोळी देणं म्हणजे रोजची कुस्ती. खवा खाऊन पाटलीण गोळी तेवढी बाजूला ठेवायची, देवळातल्या प्रसादातून वेलदोडा काढावा तशी. शेवटी अनसाबाईनं मेंढरांची विद्या बाहेर काढली. "लुगड्यात गुंडाळ. मान वर. अंगठा जबड्याच्या खाचंत. आता जिभंच्या मुळाशी टाक आन् गळा चोळ. पाण्याचा घोट पाज. कोकराला पाजतोय समज." तिचे स्वतःचे हात कापायचे, गोळी निसटायची. म्हणून हात सविताचे आणि तोंड सासूचं, असं ते खातं चालू झालं. वेळ धारांची ठरली. ती घरात कधी चुकत नव्हती. सविताच्या मनगटावर ओरखडे उठले. डेअरीवर कुणी विचारलं, तर ती म्हणायची, "पाटलिणीची सेवा करतीय, बाई."

भाद्रपद सरता सरता पाटलीण पहाटेची झोपायला लागली. बरगड्या बुजल्या. रक्त तपासलं, ताब्यात होतं. हर्षदाला फोन गेला.

"आणा की मग," हर्षदा म्हणाली. "वरडत न्हाई तर माझी काय ना न्हाई. पण गोळी मी देणार न्हाई हां ताई. ह्यांची रात्रपाळी, माझी दिवसपाळी, आन् ती चावली तर?"

सविता फोन ठेवून वळली. खाटेवरच्या अनसाबाईनं सगळं ऐकलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संपतनं गाडी काढली. म्हातारीचं गाठोडं बांधून तयार होतं. सविता मांजर शोधायला लागली.

"तिला नगं," अनसाबाई म्हणाली.

"म्हंजी?"

"हितंच राहू दे. तिथं तिला कोण गोळी घालणार? माझा हात असला. तुझ्या हाताला ती सरावलीय."

"पण आत्या, तुम्हीच म्हणला होता, ती न्हाई तर..."

"म्हणले होते. तवा गोळीवाचून ती मरंल हे ठावं नव्हतं." अनसाबाई गाडीत चढली. पदर सारखा करत म्हणाली, "तू बी दमलीस गं. मला काय दिसत न्हाई व्हय?"

'मग तुम्ही बी राहा' हे शब्द सविताच्या ओठापर्यंत आले होते. खरंच आले होते. ते तिथं थांबले, आणि तिनं ते थांबू दिले. गाडी न्हावऱ्याच्या वाटेला लागेपर्यंत ती दारात उभी होती.

हर्षदाला सासू मिळाली, मांजराशिवाय. संपतला झोप मिळाली. पाटलिणीला आयुष्य मिळालं, निदान गोळ्या चालतील तोवर. सविताला दुपार मिळाली, करकरीत भाकरी मिळाली. आईकडं जाणं तेवढं राहिलं; धारेच्या दोन्ही वेळा ती मांजराला बांधलेली होती. या सौद्यातला तिचा वाटा तिनं असा भरला. बाकीची सगळी किंमत अनसाबाईनं पाटलिणीवाचून एकटीनं भरली, आणि पाडव्यापर्यंत ती वरवंडला भरत राहणार होती.