खालच्या दातांचा ट्रे

रेणुकाने पर्स ओटीवर उपडी केली. बीपीच्या मशीनचा पट्टा, गोळ्यांच्या पट्ट्या, स्कूटीची चावी, अर्धा बिस्किटाचा पुडा, रुमाल. रुमाल तिने दोनदा झटकला. मग पर्सचं अस्तर बाहेर ओढलं.

"वरचा हाय," ती म्हणाली. "खालचा नाय."

"तोंडात बघ."

"चेष्टा सुचतेय तुम्हाला."

तिने खालचा ओठ ओढून दाखवला. दात उघडे होते. मी स्कूटीची डिकी उघडली, सीटखाली पाहिलं, रस्त्यापर्यंत जाऊन आलो. तो ट्रे म्हणजे दातांवर बसणारं पारदर्शक प्लास्टिक, नखाइतकं पातळ. पाण्यात पडलं तर दिसत नाही, पण तांबड्या मातीत दिसायला हवं होतं.

"शेवटचा काढलास कुठं?"

वस्तू एकेक करून पर्समध्ये भरत राहिली.

"गोदूबाईकडं. चहा घेतला."

मी तिच्याकडे पाहिलं. गोदूबाईकडे चहा घेणं तिने कधीचं बंद केलं होतं.

रेणुका पावसजवळच्या आमच्या उपकेंद्रात नर्स होती. मी वायरमन. तिचे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते आणि वरचा एक सुळा बाहेर आलेला. लहानपणी तिची आई म्हणायची, दातावर दात, नशिबाची हाय पोर. त्यामुळे कुणी काही केलं नाही. हसताना तिचा हात तोंडावर जायचा. आमच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत तिचे ओठ मिटलेले आहेत.

करोनात मास्क आला आणि ती मोठ्याने हसायला लागली. घरोघर फिरताना लोक म्हणायचे, सिस्टर आता मोकळ्या बोलतात. मग मास्क गेले आणि हात परत आला. तिचं तिलाच ते कळलं नव्हतं. लसीकरणाच्या एका दिवशी तिच्या एका हातात सिरिंज आणि दुसऱ्या हातात बाळाचा दंड होता आणि कुणीतरी काहीतरी विनोदी बोललं. हात मोकळा नव्हता म्हणून ती मान वळवून भिंतीकडे बघून हसली. त्या रात्री जेवताना म्हणाली, "मी दात सरळ करून घेणार."

"आता? मुलीचं लग्न करायचं वय झालं आपलं."

"मुलीचे दात सरळ हायत. माझे करायचेत."

"नशीब सरळ करायला निघालीस."

"नशिबाला बोला, एकदा माझा हात सोड म्हणावं."

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ डॉक्टर सानिकांचा दवाखाना आहे. त्यांनी कॉम्प्युटरवर तिच्या दातांचं चित्र दाखवलं. दात हळूहळू हलत सरळ होत गेले. रेणुकाने ते पुन्हा लावायला सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, तारा लावायच्या नसतील तर हे ट्रे. दोन आठवड्यांनी बदलायचे, प्रत्येक ट्रे दात थोडा थोडा सरकवतो.

"पण सिस्टर, दिवसातले बावीस तास तोंडात हवेत. जेवताना आणि ब्रश करताना तेवढे काढायचे. साधं पाणी चालेल. चहा नाही."

"चहा नाही?"

"गरमाने वाकतात आणि डागही पडतात. काढून प्यायचा."

"मॅडम, मी घरोघर फिरते. पाऊल टाकलं की आधण ठेवतात लोक."

मी म्हणालो, "हिचा अर्धा पगार चहातच असतो."

"मग आता पूर्ण पगार घरी आणतील," डॉक्टर म्हणाल्या.

ट्रे लागले. पहिले चार दिवस तिला भात चावायलाही दुखलं. 'स' म्हणताना जीभ अडायची. मग सवय झाली. घरोघरी ती सांगायची, नको हो, आत्ताच घेतला. दातांचं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की लोक तोंडातच बघणार.

गोदूबाईचं घर वरच्या आळीत आहे. आंब्याची बाग, नारळ, मोठं खळं. तिला साखर आणि बीपी दोन्ही, त्यामुळे रेणुकाला आठवड्याला जावं लागायचं. चहा प्रत्येक वेळी मिळायचा, पण कागदी कपात. ग्रामसेवक आले की त्यांना बशीसकट काचेचा कप. आमच्या वाडीतलं कुणी गेलं की कागदी. पूर्वी पडवीच्या फळीवर आमच्यासाठी कान तुटलेला कप असायचा, माझे वडील सांगायचे. त्याची जागा कागदी कपाने घेतली. करोनात तर त्याला कारणही मिळालं.

मी एकदा रेणुकाला विचारलं होतं, "तू पितेस कशाला?"

"तिचा दंड मला धरायचा असतो. चहा नाकारला तर दंड देईल काय ती?"

चहा संपला की ती तो कप स्वतः उचलायची आणि परसातल्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकून यायची. कुणी टाक म्हणायची वाट बघायची नाही.

ट्रे लागल्यापासून तिथेही तिने सांगायला सुरुवात केली, नको काकी, आत्ताच घेतला. मला म्हणाली होती, ह्या प्लास्टिकने एक तरी बरं केलं.

त्या दिवशी काय झालं ते तिने मला ओटीवर बसून सांगितलं. बीपी तपासून झालं. ती पट्टा गुंडाळत होती. गोदूबाई आत गेली आणि स्वतः कपबशी घेऊन बाहेर आली. बशीत चहा सांडला होता. सून सगुणा मागे दारात उभी.

"बस गो सिस्टर," गोदूबाई म्हणाली. "चहा घे. किती महिने झाले, तू माझ्याकडं घोट घेत नायस. मला काय कळत नाय होय?"

"तसं नाय काकी, मी आत्ताच..."

"कायम आत्ताच घेतलेला असतो तुझा! कागदी कपाचा राग आला तुला. आला तर आला. हा घे. माझा कप हाय."

रेणुका म्हणाली, "मी काय सांगणार होते? दातांचं सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, आता काचेचा दिला तरी ही नाय म्हणतेय."

तिने पाठ वळवली, ट्रे काढले, रुमालात गुंडाळले. ट्रेची डबी त्या दिवशी घरीच राहिली होती. मग चहा प्यायली. गोदूबाई समोर बसून राहिली, कप रिकामा होईपर्यंत.

"कसा होता?" मी विचारलं.

"गोड. मधुमेहाच्या माणसाच्या घरात इतकी साखर." ती हसली. हात तोंडावर गेला की नाही ते मी पाहिलं नाही.

"मग ट्रे तिथेच पडला असणार. फोन लाव."

"नको."

"अगं, डॉक्टर काय म्हणतील?"

"मी आधीचा घालते. डॉक्टरांना सांगते, दुसरा करून द्या."

"त्यापेक्षा सगुणाला विचार. एक फोन."

"माझ्या तोंडातली वस्तू हो ती. ती म्हातारी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा कप देते आणि मी मागनं फोन करून सांगू, काकी, माझं उष्टं प्लास्टिक तुमच्या ओटीवर राहिलंय, शोधा? पुढच्या वेळेला परत कागद येईल." तिने पर्सची चेन लावली. "ट्रे दुसरा मिळेल."

डॉक्टर सानिका रागावल्या नाहीत. दुसरा येईपर्यंत आधीचाच घालायला सांगितला. दात थोडे मागे सरकतील, म्हणाल्या, उशीर होईल. रेणुका चालेल म्हणाली.

त्यानंतर गोदूबाईकडे जाताना ती वरच्या आळीच्या वळणावर फणसाखाली स्कूटी थांबवायची, ट्रे काढून डबीत ठेवायची आणि मग आत जायची. चहा कपात यायचा. ती प्यायची. परत येताना फणसाखाली ट्रे घालायची. मी एकदा तिथल्या पोलवर चढलो होतो, तेव्हा वरून पाहिलं. हाक मारली नाही.

भादव्यात तिला ताप आला. तिने स्वतःच गोळ्या घेतल्या आणि कामावर गेली. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले तेव्हा सिव्हिलला नेलं. लेप्टो. ऑक्सिजन लावायच्या आधी तिथल्या सिस्टरने तिच्या तोंडातून दोन्ही ट्रे काढले आणि माझ्या हातात दिले. ओले होते. मी ते शर्टच्या खिशात ठेवले. मुलगी मनाली मुंबईहून पोचली तेव्हा रेणुका शुद्धीवर नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

पुण्यानुमोदनाला विहारात बरीच माणसं आली. वरच्या आळीतून सगुणा आली होती. तिने हार घातला आणि सासूच्या गुडघ्यांचं सांगितलं. उरलेले ट्रे दवाखान्यात पाकिटात आहेत असा डॉक्टरांचा फोन आला. त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. पाकीट आणायला गेलो नाही.

मनाली गेली आणि घरात मी एकटा राहिलो. पुण्यानुमोदनासाठी आणलेल्या कागदी कपांची एक चळत उरली होती. मी त्यातच चहा प्यायचो. भांडी कमी पडतात धुवायला.

पाऊस उघडल्यावर एका सकाळी अंगणातून हाक आली.

"काय वायरमन, हाय काय कोण घरात?"

गोदूबाई काठी टेकून उभी होती. मागे रिक्षा थांबलेली. तिला मी आमच्या वाडीत कधी पाहिलं नव्हतं. समोरची चंपाकाकू सूप हातात घेऊनच दारात आली.

"काकी, तुम्ही? बसा, खुर्ची आणतो."

"खुर्चीवर बसायला आले काय मी? फोटो कुठं हाय सिस्टरचा?"

ती पायऱ्या चढली, ओटी ओलांडून आत आली. फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. उपकेंद्राच्या ओळखपत्राचा फोटो आम्ही मोठा करून घेतला होता.

"हसत नाय हितं ती."

"फोटोत कधीच हसायची नाही."

"माझ्याकडं हसायची," गोदूबाई म्हणाली. "पहिली हात धरायची तोंडावर. शेवटी शेवटी नाय. चहा पिता पिता असं काय तरी बोलायची आणि सगळं तोंड उघडून हसायची. सगुणाला म्हटलं पण मी, सिस्टरचे दात बघ गो कसे ओळीत बसलेत."

त्या महिन्यांत आम्ही रोज एकत्र जेवत होतो. तिचा हात तोंडावर जायचा कधी थांबला, ते मला आठवत नव्हतं.

गोदूबाई खाली बसली. कमरेच्या पिशवीतून तिने स्टीलची एक डबी काढली, हळदीकुंकवाची असते तेवढी. झाकण उघडलं. आत पाणी होतं. पाण्यात काय आहे ते आधी दिसलं नाही. मग तिने डबी उजेडाकडे धरली.

"तिची कवळी. त्या पहिल्या दिवशी बाकाखाली पडली होती. केर काढताना सगुणा टाकायला निघाली. मी म्हटलं, आण हिकडं."

"तुम्ही ठेवली?"

"सासऱ्यांची कवळी मीच ठेवायची पाण्यात. कोरडी ठेवली की तडकते. रोज पाणी बदललं." तिने झाकण मांडीवर ठेवलं. "वाटलं, येईल न्यायला. आली, चहा प्यायली, काय बोलली नाय. म्हटलं, कवळी लागायचं वय नाय तिचं, लाज वाटत असेल. विषय कशाला काढू? आज देऊ, उद्या देऊ करत राहिले. तुला वाटेल, थेरडीनं मुद्दाम ठेवून घेतली."

"नाही वाटत."

"तिच्या तोंडातलं होतं ते. टाकून कसं देणार?"

ती कवळी नाही, दात सरळ करायचा ट्रे आहे, हे मी सांगितलं नाही. तिने बोटाने तो पाण्यात सरळ केला आणि डबी माझ्यापुढे सरकवली.

"चहा टाक जरा," ती म्हणाली. "रिक्षानं आतडी ढवळली माझी."

मी आत गेलो. चहा केला, साखर कमी घातली. रोजच्या सवयीने चळतीतून दोन कप काढले, भरले आणि बाहेर आणले. तिच्या हातात दिल्यावर माझ्या लक्षात आलं. रेणुकाच्या कपाटात सहा कपबश्या होत्या.

गोदूबाईने कपाकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं.

"थांबा काकी, दुसरा देतो. कपाटात आहेत."

"असू दे. गरम हाय तोवर घेते."

तिने फुंकर घालत चहा संपवला. मग काठीवर भार देऊन उठली. माझा रिकामा कप उचलून तिने स्वतःच्या कपात घातला.

"कुठं टाकतोस हे?"

"द्या, मी टाकतो."

"कुठं टाकतोस ते सांग."

मी मागचं दार दाखवलं. ती गुडघ्यावर हात ठेवत तिकडे गेली. परत आल्यावर रिक्षात जाऊन बसली. रिक्षा सुरू झाल्यावर तिने डोकं बाहेर काढलं.

"पाणी बदलत जा रे रोज."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ट्रे पाण्यात ठेवायची गरज नसते. कोरडा ठेवला तरी काही होत नाही.

डबी मोरीच्या वरच्या फळीवर आहे. सकाळी दात घासले की मी पाणी बदलतो.