आजोबांच्या रक्तातला हमाल

मी एक जुना हमाल आहे, मित्रांनो. जुना म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांचा. पण आम्हा प्रथिनांत या वयाला पिकलं पानच म्हणतात! माझे नाव अल्ब्युमिन. एका आजोबांच्या यकृतात मी जन्मलो आणि लगेच रक्तात उडी घेतली. तेव्हापासून पायाला भिंगरी!

माझ्या पाठीवर तऱ्हेतऱ्हेची औषधे बसतात. आजोबांची रक्त पातळ करणारी गोळी हे माझे नेहमीचे गिऱ्हाईक. हृदयात गुठळी होऊ नये म्हणून ती रोज येते. तिचे बहुतेक कण माझ्या भाईबंदांच्या पाठीवर गप्प बसून राहतात. मोजकेच खाली उतरून काम करतात. म्हणून तर सगळे सुरळीत चाले. शाबासकी मात्र गोळीला! आमचे नावही कोणी घेत नसे.

परवा आजोबांचा गुडघा ठणकू लागला. शेजारचे शिंपी म्हणाले, "अरे, माझी दुखण्यावरची गोळी घे. घोड्यासारखा पळशील!"

"सूनबाईला कळलं तर?"

"तिला कशाला सांगतोस? एवढीशी तर गोळी!"

आजोबांनी दोन दिवस ती घेतली. ती दांडगट पाहुणी आली आणि आमच्या पाठीवर बसलेल्या जुन्या गोळीच्या कणांना ढकलून स्वतः बसू लागली. उतरलेले सगळे एकदम कामाला लागले. रक्त भलतेच पातळ होऊ लागले! मी ओरडणार कसा? मला तोंड कुठे आहे?

पण सूनबाईला डोळे होते. तिला बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसली.

"बाबा, हिरड्यांतून रक्त येतंय? काय घेतलंत?"

"काही नाही गं. ब्रश टोचला."

"चोरून साखर खाल्ली की तुमचा नातूसुद्धा अस्संच तोंड करतो. बोला!"

आजोबांनी खिशातली गोळी मुकाट्याने पुढे केली. सूनबाईने त्यांना तडक दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही आधी बंद! रक्त तपासू." सुई टोचली आणि मी थेट काचेच्या नळीत!

तिथूनच बोलतो आहे. आत्ताच तपासणी झाली. "जरा जास्तच पातळ झालंय, पण वेळेत आलात. घाबरू नका," बाई म्हणाल्या. सूनबाईने केवढा मोठा सुस्कारा सोडला! आजोबा हसून म्हणाले, "आता त्या शिंप्याला सांगतो, बाबा रे, तू आपले कपडेच शीव!"

मित्रांनो, माझी हमाली संपली. आजोबांच्या रक्तात आता माझे धाकटे भाऊ धावताहेत. त्यांच्या पाठीवर जागा मोजकीच असते. तेव्हा घरात कोणी गुपचूप नवी गोळी तोंडात टाकताना दिसले, तर खुशाल चोंबडेपणा करा. विचारा, "डॉक्टरांना सांगितलंत का?" मोठी माणसे रागावली तर रागावू देत. धडधाकट माणूसच रागावू शकतो!