उजव्या चाकाची घरघर

माझ्या सासऱ्यांच्या मते जगात दोन गोष्टी सुधारण्यापलीकडे गेल्यात: आमची जुनी पिकअप आणि मी. गाडी त्यांच्या नावावर आहे, चालवते मी. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या भरायच्या आणि मासळीबाजारात नेऊन टाकायच्या. नवऱ्याला धड गिअर टाकता येत नाही, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी स्टिअरिंग धरलं की अख्ख्या गल्लीच्या पोटात दुखतं.

त्यात गाडी मागून घरघरायला लागली. हळू चालवली तर कुणीतरी घोरतंय असं वाटायचं, जोरात चालवली तर जात्यावर दळण चाललंय असं. सासऱ्यांना आयतंच निमित्त मिळालं.

गाडी नेली दादाकडे, सासरेही सोबत आले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या गॅरेजला लोक कानवाल्याचं गॅरेज म्हणतात, कारण तो बॉनेट न उघडता नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतो. गाडीत माझ्या शेजारी बसून चक्कर मारली, डावा हात खिडकीबाहेर काढून मागे दाखवला आणि म्हणाला, "डाव्या चाकाचं बेअरिंग."

डावं बेअरिंग बदललं. घरघर तशीच.

"मग डिफरन्शियल गेलं," दादा म्हणाला. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो, ज्याच्या आतले दाते इंजिनाची ताकद चाकांना वाटून देतात, ते डिफरन्शियल. आमच्या मॉडेलचं ते आता कुठंच मिळत नाही.

"झालं तर," सासरे म्हणाले. "उद्या भंगारवाल्याला बोलावतो. सूनबाई, चाव्या खिळ्याला अडकवा आणि आता घरात बसा. पुष्कळ झाली ड्रायव्हरकी."

बोलले असते तर शिव्याच आल्या असत्या तोंडातून. त्या दिवशीची शेवटची खेप बाकी होती, ती टाकायला निघाले.

घरघरीसोबत रोज मीच बसते, दादा नाही आणि सासरेही नाहीत. म्हटलं, गाडी मरणारच आहे तर निदान कशानं मरतेय ते तरी बघू. मोकळ्या रस्त्यावर ॲक्सलरेटर दाबला, मग एकदम सोडला. आवाज बदलला नाही. दाते झिजले असते तर गाडी ओढताना एक सूर लागला असता आणि नुसती घरंगळताना दुसरा. हे मला दादानंच शिकवलेलं. मग गाडी न्यूट्रलला टाकली. तरी तीच घरघर, चाकाच्या वेगाबरोबर खाली येणारी. म्हणजे डिफरन्शियल धडधाकट होतं.

मग बाजाराजवळचं मोठं डावं वळण आलं आणि आवाज वाढला. पुढच्या उजव्या वळणाला निम्मा झाला. मी गाडी फिरवून तीच दोन वळणं पुन्हा घेतली. पानवाल्यानं विचारलं, "काय हरवलं का बाई?" वळणावर भार बाहेरच्या चाकावर पडतो. डाव्या वळणाला तो उजव्या चाकावर येतो.

उजवं बेअरिंग होतं तर. उतरून बघितलं, उजव्या चाकाच्या मधोमध, हबला हात लावला आणि चटकन मागे घेतला, इतका तापलेला. वर बघितलं तर बर्फाचं पाणी निघायचं भोक नेमकं त्याच चाकावर. ते पाणी वर्षानुवर्षं तिथंच ठिबकतंय. बेअरिंगनं करायचं तरी काय?

गाडीचं कोडं सुटलं, पण दादाचं सुटेना. लोकांच्या गाडीतला सुटा स्क्रू ऐकणारा माणूस डावं-उजवं कसं चुकतो? बर्फ उतरवून घेताना तेच डोक्यात. मग एकेक आठवायला लागलं. गाडीत मी चालवत असले आणि काही बोलले की दादा उत्तर देत नाही. मला वाटायचं, भाव खातो. गॅरेजमध्ये त्याचं स्टूल उजव्या भिंतीला चिकटून. जेवताना वहिनी कायम त्याच्या डावीकडे, आणि आम्ही सगळेही त्याच्याशी बोलताना न ठरवता वळसा घालून त्याच बाजूला जातो. कुणी कधी शब्दानं बोललं नाही.

मी थेट गॅरेजला गेले. सासरे तिथंच चहा पीत बसले होते, भंगारवाल्याचा फोन लावून झाला होता.

"दादा, मागे हौद्यात बस. पुढे तोंड करून."

"कशाला?"

"बस म्हणते ना."

मी गाडी पळवली. थांबल्यावर विचारलं, कुठून येतोय? त्यानं डावा हात वर केला. "सांगितलं होतं की मी."

"आता मागे तोंड करून बस."

पुन्हा पळवली. पुन्हा त्यानं डावाच हात वर केला. आता तो हात गाडीच्या उजव्या चाकाकडे होता. दादा त्या हाताकडे बघतच राहिला. मग उठून पुढे तोंड करून बसला आणि म्हणाला, "परत चालव."

तीनदा चालवायला लावली. गंमत म्हणजे तो चिडला नाही. एखाद्या गिऱ्हाइकाची गाडी तपासावी तसा स्वतःचं डोकं इकडून तिकडे फिरवून बघत होता. उजव्या कानाशी चुटकी वाजवली, मग डाव्या.

"बये," तो म्हणाला, "या कानात काहीच नाही गं."

"पत्रे ठोकून ठोकून गेला असेल."

"मला वाटायचं तुम्ही लोक हळू बोलता."

गॅरेजमध्ये येऊन त्यानं उजवं चाक काढलं, ड्रम काढला, ॲक्सल ओढून बाहेर घेतला. ऑइल सील फाटलेलं, ब्रेकचे लायनर तेलानं माखलेले. बेअरिंगचे रोलर देवी आलेल्या चेहऱ्यासारखे खड्ड्याखड्ड्यांचे. त्यानं ते सासऱ्यांच्या हातात दिलं. "फिरवून बघा."

सासऱ्यांनी फिरवलं. कचकच झाली. "मग आधी डावं कशाला काढलंस?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाच बोलला. "उजव्या कानानं ऐकू येत नाही मला. आजच कळलं."

सासरे बराच वेळ बेअरिंग फिरवत बसले. "कानवाल्याला ऐकू येत नाही," ते म्हणाले, "आणि शोधलं कुणी?"

"जी चालवते, तिनं."

सासऱ्यांनी फोन काढला आणि भंगारवाल्याला सांगितलं की येऊ नकोस, गाडी चालू आहे. माझ्याकडे बघितलं नाही. नसेल बघायचं तर नका बघू. चाव्या माझ्या हातात होत्या.

नवीन बेअरिंग बसवून ट्रायलला निघालो, तिघंही पुढेच कोंबून. वेग वाढवला. मागे काही नाही, नुसते टायर रस्त्यावर. एवढी शांत गाडी मी पहिल्यांदाच चालवत होते. त्या शांततेत कुठंतरी बारीक टिकटिक ऐकू आली, आधी घरघरीत बुडालेली.

"थांब," दादा म्हणाला. मान तिरकी केली, ऐकलं, मग माझ्याकडे वळला. "कुठून येतंय सांग बरं?"

"समोरून. मामांच्या पायाशी."

"आता आणखी काय?" असं पुटपुटत सासऱ्यांनी पाय वर घेतले आणि वाकून कान लावला.